चांगली निघालेली शेगडी

आमच्या ह्यांना बोलता येतं, हे मला लग्नानंतर बऱ्याच उशिरा कळलं. तसा माणूस मुका नाही. पण बोलायला त्यांना काहीतरी बिघाड लागतो. मिक्सर जळला, नळ गळायला लागला, शेजारच्या बंगल्याची मोटर पाणी खेचेनाशी झाली, की माधवराव एकदम खुलतात. घरात सगळं सुरळीत असलं की वर्तमानपत्र उघडून बसतात, आणि मग आलेल्या माणसाला वाटावं, या घरात बाई एकटीच राहते.

यात त्यांचा फारसा दोष नाही म्हणा. सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली, तीही लोणावळ्याला, घाटाच्या तोंडाशी. सिग्नल नीट चालत असेल तर त्याबद्दल कोणी फोन करत नाही. साहेब, आज तुमचा सिग्नल काय छान हिरवा झाला, असं कोणी म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही. फोन वाजला म्हणजे काहीतरी बंद पडलं. मग हे भरल्या ताटावरून उठणार, रेनकोट चढवणार आणि पलीकडच्या माणसाला असं काही मायेनं विचारणार, की ऐकत राहावं. दिवा लागतोय का? लागून विझतो? कधीपासून? आधी असं कधी झालं होतं का? माझ्या बाळंतपणात माझी एवढी चौकशी झाली नव्हती.

आमचा एकुलता एक मुलगा, गंधार, त्याच बाळंतपणातला. आता डॅलसला असतो. लहानपणी हे त्याला दोन प्रश्न विचारायचे. अभ्यास झाला का, आणि जेवलास का. तो दोन्हींना हो म्हणायचा, की संभाषण संपलं. तो अमेरिकेला गेल्यावर अभ्यासाचा प्रश्न गळाला आणि त्याच्या जागी पावसाचा आला. दर रविवारी संध्याकाळी, म्हणजे त्याच्या सकाळी, फोन यायचा. हे उचलायचे. हं, बरा आहेस? इथे पाऊस आहे. थांब, आईला देतो.

झालं! लेकरू सातासमुद्रापलीकडे, आणि बापाचं बोलणं चहा निवायच्या आत उरकलेलं. बरं, दोघांत भांडण नाही, रुसवा नाही. दोघांचा एकमेकांवर जीव आहे, हे मी छातीठोकपणे सांगते. फोन माझ्या हातात दिला की हे उठून आत जायचे नाहीत. पेपर समोर धरून बसायचे, पान मात्र उलटायचं नाही. मी फोन ठेवला की विचारायचे, काय म्हणत होता? अहो, आत्ता तुमच्याच हातात होता ना फोन! तेव्हा का नाही विचारलंत? मला या गोष्टीचा इतका राग यायचा, आणि रागाच्या खाली वाईटही वाटायचं. वय वाढत चाललंय, माणूस किती वर्षं पुरणार, आणि ह्या बापलेकांचं सगळं बोलणं माझ्यामार्फत.

मागे एका डिसेंबरात गंधार आला होता. जेवताना सहज बोलून गेला, की त्याने तिकडे परसात पेलेट ग्रिल घेतलंय. ते म्हणजे काय, हे मलाही तेव्हाच कळलं. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोटाच्या पेराएवढ्या कांड्या असतात, त्यांना पेलेट म्हणायचं. त्या एका डब्यात ओतायच्या. आतला विजेवर फिरणारा स्क्रू त्या थोड्याथोड्या करून आगीत ढकलतो आणि एक पंखा वारा घालतो. आपण आकडा लावला की आच तेवढीच राहते. थोडक्यात, चूल, पण तिच्यापुढे कोणी फुंकणी घेऊन बसायचं नाही. मी म्हटलं, बरं आहे हो, आणि भात वाढायला लागले. तर ह्यांनी घास खाली ठेवला आणि विचारलं, "स्क्रूला किती फिरायचं ते कोण सांगतं?"

गंधार बघतच राहिला. मग त्याने सांगितलं. ह्यांनी पुढचा प्रश्न विचारला. त्या दिवशी दोघं दुपारच्या चहापर्यंत तिथेच बसून होते, उष्ट्या हातांनी. मी भांडी विसळत ऐकत होते आणि मुद्दाम नळ बारीक केला. गंधार हुशार आहे, त्याच्याही ते लक्षात आलं असणार. कारण परत गेल्यावर ह्यांच्या वाढदिवसाला त्याने तसलंच एक धूड आमच्या लोणावळ्यातल्या तुंगार्लीच्या घरी पाठवून दिलं.

कोणत्या कंपनीचं ते सांगत नाही, उगाच कोणाच्या पोटावर पाय नको. टेम्पोतून उतरलं तेव्हा शेजाऱ्यांना वाटलं, आम्ही फ्रीज घेतला. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही, आणि हे यंत्र अख्ख्या बोकडाच्या मापाचं. मी त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, समोर नारळ फोडला, आणि आम्ही आत भरताची दोन वांगी ठेवली. त्या मोकळ्या मैदानात ती बिचारी चुकल्यासारखी दिसत होती.

मग सुरू झाली मजा. वांगी दुपारभर भाजली आणि कच्ची निघाली. आकडा चढायचा, मग आपलाआपण घसरायचा. झाकण एका बाजूने धड लागायचं नाही, त्यातून धूर निघून थेट माझ्या वाळत घातलेल्या साड्यांवर. लोणावळ्याच्या हवेत त्या कांड्या ओल धरून फुगल्या आणि स्क्रूत अडकून त्यांचा लगदा झाला. मग ह्यांनी त्यांना गच्चीत ऊन दाखवायला सुरुवात केली. ज्या चादरीवर मी कुरडया घालते, त्याच चादरीवर. वर आणि तांदळाच्या पिंपात घालतो तसा कडुनिंबाचा पाला घालून त्या भरून ठेवल्या. कार्ल्याचे हौशीराम भाऊ दरवर्षी आम्हाला इंद्रायणी तांदूळ आणून देतात. ते तांदळाचं पोतं घेऊन आले, चादरीपुढे उकिडवे बसले, एक कांडी दातांनी फोडून पाहिली आणि गंभीरपणे म्हणाले, "वैनी, ही पेंड लय कडक हाय. म्हस तोंड लावायची न्हाई."

मला वाटलं, झालं, आता हे वैतागतील. कसलं काय! रविवारी फोन वाजला आणि ह्यांनी तो माझ्या आधी झडप घालून उचलला. "गंधार, काही खरं नाही. तापतच नाही."

आणि तिकडून त्यानेही सिग्नल खात्यातल्यासारखंच विचारलं, कधीपासून?

पुढचं जवळजवळ वर्षभर आमच्या घरी रविवार म्हणजे सण होता. फोन टेबलावर उभा करून हे शेगडीचे भाग सुटे करायचे, तो तिकडून बघायचा. हा नट सैल करा, ती जाळी उलटी लावा. आता दहा मिनिटं चालू ठेवून बघू, असं ठरायचं. आणि त्या दहा मिनिटांत काय करणार? बोलणार. अशाच एका दहा मिनिटांत गंधार म्हणाला, की त्याच्या ऑफिसात माणसं कमी करतायत आणि त्याला रात्री झोप लागत नाही. मला त्याने हे सांगितलं नव्हतं. मी काळजी करत बसेन म्हणून असेल. हे थोडा वेळ पंख्याची पाती पुसत राहिले, मग म्हणाले, घाटातल्या पहिल्या पावसाळ्यात मलाही झोप लागायची नाही, फोन वाजला नाही तरी वाजल्यासारखा वाटायचा. गंधार म्हणाला, बाबा, हे तुम्ही कधी बोलला नाहीत. हे म्हणाले, तू कधी विचारलं नाहीस. मग आकडा पुन्हा घसरला आणि दोघं आनंदाने त्याच्या मागे लागले.

ते भरीत काही मला कधी धड मिळालं नाही. पण ‘आईला देतो’ हे शब्द त्या वर्षात मी ऐकले नाहीत, आणि मला त्याची मुळीच तक्रार नव्हती.

पण मुलगा गुणी निघाला ना! आईबापाचा त्रास त्याला बघवेना. बाबा या वयात वाकून वाकून शेगडी दुरुस्त करतात, हे त्याच्या मनाला लागलं. महिनाभर म्हणे त्याने लोकांची मतं वाचली, कोष्टकं केली आणि एक दिवस दुसऱ्या कंपनीची, हिरव्या रंगाची नवी शेगडी दारात उभी राहिली. जोडून द्यायला कंपनीचा पवन नावाचा तंत्रज्ञ पिंपरीहून आला. फार नम्र मुलगा. ह्या शेगडीचं ॲप असतं, फोनवर आच किती ते बसल्या जागी दिसतं. ते कोणाच्या फोनवर घेऊ, असं त्याने विचारलं. ह्यांच्याशी बाहेर काहीतरी कुजबुज झाली आणि पवनने लिंक पाठवून ते ॲप तिकडे गंधारच्या फोनवर घ्यायला लावलं. मी म्हटलं बरंच झालं, ह्यांच्या फोनमध्ये सुप्रभातच्या फुलांमुळे जागाच नाही.

जुनं धूड हौशीराम भाऊंनी मागून नेलं. कशाला हवं ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

नव्या शेगडीत पहिल्याच दिवशी वांगं असं भाजलं, की हात लावताच साल निघून आली. धूर नाही, लगदा नाही, आकडा जिथे लावला तिथे. मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. रविवारी फोन आला. मी भाकरी थापता थापता ऐकत होते.

कशी आहे? चांगली आहे. तापते? तापते. धूर? नाही. झाकण? लागतं.

मग दोन्हीकडे सामसूम. एवढी मोठी शांतता घरात मी बऱ्याच दिवसांनी ऐकली. आणि मग ह्यांनी घसा खाकरला. "थांब, आईला देतो."

माझ्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली. पुढच्या रविवारीही तेच, त्याच्या पुढच्याही तेच. गंधार बिचारा नवीन काही विचारायचा प्रयत्न करायचा, हे प्रामाणिकपणे ‘उत्तम’ म्हणून मोकळे. इतका राग आला मला त्या हिरव्या शेगडीचा! काय अडलं होतं मेलीचं, एखाद दिवस बंद पडायला? हे तिच्याभोवती रोज फेरी मारायचे. कुरकुर न करणाऱ्या बिजागरीला तेल घालायचे. तिच्या माहितीपुस्तकातलं बिघाडांचं प्रकरण वाचत बसायचे, आणि त्यातला एकही बिघाड आपल्या नशिबी नाही म्हणून मिटून ठेवायचे. चेहरा असा, की घरात काही अशुभ घडलंय असं पाहुण्याला वाटावं.

एका सकाळी म्हणाले, चल, जरा कार्ल्याला जाऊन येऊ. तांदूळ तर भरपूर होता. मी विचारलं कशाला, तर म्हणाले, आपली जुनी शेगडी बघून येऊ. जमलं तर येताना टेम्पो करू. मी लग्नानंतर ह्या माणसाला कशाहीसाठी हट्ट करताना पाहिलं नव्हतं. मुकाट्याने स्कूटरवर मागे बसले.

हौशीराम भाऊ शेतात गेलेले. घरी त्यांच्या मंडळी, नंदाबाई होत्या. ह्यांनी आडवळणाने सुरुवात केली, की ते यंत्र तुमच्या काही उपयोगाचं नसेल, अडगळ होत असेल, तर आम्ही परत घेऊन जातो. नंदाबाईंनी आम्हाला मागच्या पडवीत नेलं. आमचं वाढदिवसाचं धूड भिंतीला टेकून उभं होतं. त्यावरचं माझं स्वस्तिक अजून दिसत होतं. नंदाबाईंनी हळूच झाकण वर केलं. आतली जाळी काढून तिथे भाताचा पेंढा पसरला होता, आणि पेंढ्यावर पिसं फुगवून एक तांबडी कोंबडी बसली होती.

"आज न्हाई देता यायचं साहेब," नंदाबाई म्हणाल्या. "खुडूक हाय. अंड्यावरनं उठवली तर समदी वाया जात्याल. पिल्लं निघू द्या, मग काय न्यायचं ते न्या."

हे वाकले. आतल्या स्क्रूचं काय झालं ते बघायला हात पुढे केला, तर कोंबडीने कचकन टोच मारली. हे बोट चोखत उभे राहिले आणि बराच वेळ बघत राहिले. मग अगदी हलक्या आवाजात विचारलं, की ऊब राहते का आत?

"बेस ऱ्हाती की. चिमनीतनं वारं येतंय, वरनं झाकन घट बसतंय. असलं खुराडं आख्ख्या कार्ल्यात न्हाई."

जे झाकण आमच्याकडे वर्षभर धड बसलं नाही, ते! यंत्राने आयुष्यात पहिल्यांदा आच सांभाळली होती, तीही कोंबडीच्या जिवावर. मला हसू फुटत होतं, पण ह्यांचा चेहरा पाहिला आणि आवरलं. आता खुडूक कोंबडीला उठवून शेगडी नेण्याइतका हा माणूस निष्ठुर नाही. आम्ही कोरा चहा घेतला आणि परत आलो. वाटेत स्कूटरवर ह्यांची पाठ अशी वाकलेली होती की मला बघवेना.

पुढच्या रविवारी हिरव्या शेगडीत वांगी ठेवली. फोन वाजला. गंधारने सवयीने विचारलं, "बाबा, शेगडी बरी आहे ना?"

हे शेगडीकडे बघत होते. तिच्यावरचा आकडा मला स्वयंपाकघरातून दिसत होता, जागचा हलत नव्हता. "काही खरं नाही," हे म्हणाले. "हिचीही आच चढत नाही."

देवाशपथ सांगते, या माणसाने जन्मात खोटं बोललेलं मला आठवत नाही. रजेच्या अर्जातसुद्धा ताप आला असं लिहायच्या आधी थर्मामीटर लावणारा माणूस! पलीकडून गंधार म्हणाला, कधीपासून? आणि दोघं जे सुरू झाले, ते वांगी जळून कोळसा झाली तरी थांबेनात. त्यात ऑफिसचं निघालं, गंधारच्या पाठदुखीचं निघालं, ह्यांच्या वडिलांचं निघालं. मी जळकी वांगी टाकून पिठलं टाकलं आणि पोटभर जेवले.

बुधवारी गंधारने माझ्या एकटीशी बोलायला फोन केला. म्हणाला, "आई, बाबांना बोलू नकोस. त्या शेगडीचं ॲप माझ्या फोनवर आहे. आच चढत नाही म्हणाले ना, तेव्हा मी बघत होतो. पूर्ण चढलेली होती. एका रेषेत."

मी म्हटलं, मग गाढवा, तू त्यांना दीड तास काय उपाय सांगत होतास?

तो म्हणाला, "मुद्दाम लांबलांबचे सांगत होतो. पुढच्या रविवारसाठी अजून काही शोधून ठेवलेत."

फोन आईकडे असूनही आई गप्प, असं आमच्या घरात पहिल्यांदा झालं असेल.

त्या रविवारी ह्यांनी पंखा बिघडवला. म्हणजे तोंडाने. पंखा आपला व्यवस्थित घुमत होता. गंधारने उपाय सांगितले, ह्यांनी करून पाहिल्यासारखं केलं, मधे मधे चांगल्या पंख्याला चापट मारून आवाजही काढला. फोन ठेवून हे पानावर बसले तेव्हा चेहरा तुकतुकीत झाला होता. यावेळी वांगी मी वेळेवर काढली होती. भरीत वाढता वाढता मी म्हटलं, शेगडी तर झकास चाललीय.

"चालणारच," हे म्हणाले. "चांगली कंपनी आहे."

माझ्या पोटात काही राहत नाही, हे गंधारला माहीत असायला हवं होतं. मी म्हटलं, अहो, मग कशाला त्या पोराशी खोटं बोलता? त्याला तिकडे सगळं... आणि जीभ चावली.

हे शांतपणे भाकरीचा तुकडा मोडत होते. "दिसतं त्याला. मला माहीत आहे. ते ॲप त्याच्या फोनवर लाव, असं मीच सांगितलं होतं पवनला."

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, का पण?

"मी इथे बटण दाबलं की तिकडे त्याच्या फोनवर घंटी वाजते," हे म्हणाले. "त्याची सकाळ असते. घंटी वाजली की त्याला कळतं, बाबा उठून शेगडीपाशी आलेत. ठीक आहेत."

एवढं बोलून त्यांनी भरीत आणखी मागितलं. मी वाढलं, आणि तिखट जास्त झालंय असं सांगून पदराने डोळे पुसले. थोड्या वेळाने हे जरा काळजीतच पडले. म्हणाले, आच झाली, पंखा झाला, आता पुढच्या रविवारी काय बिघडवायचं?

"झाकण," मी म्हटलं. "धूर माझ्या साड्यांवर येतो म्हणून सांगा. मी मागून ओरडते."